काळी खिडकी बंद केली आणि गणित गेलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

2 च्या 67 व्या घातातून 1 वजा केला की येणाऱ्या संख्येचे अवयव अमेरिकी गणितज्ञ फ्रँक कोल यांनी 1903 मध्ये मांडले. त्यासाठी तीन वर्षांचे रविवार लागले, असं ते सांगत. माझ्या विद्यार्थिनीने परवा तीच संख्या सेजमॅथ या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि पापणी लवायच्या आत 193707721 × 761838257287 हे उत्तर पडद्यावर आलं. पोरगी हरखून गेली. लगेच त्याहून मोठी संख्या दिली, गणित चालू झालं आणि मागे उघडी राहिलेली काळी खिडकी, म्हणजे आज्ञा टाइप करायचं टर्मिनल, नको म्हणून तिने बंद केली. सगळं ठप्प. ब्राउझरमध्ये दिसतं ते नुसतं पान. आकडेमोड त्या काळ्या खिडकीच्या आधाराने चालते.

"बाई, माझं काय चुकलं?" तिने विचारलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

सेजमॅथमध्ये मॅक्झिमा, गॅप, पारी अशी गणिताची कसलेली साधनं एकत्र आहेत. ते मोफत आहे, कोडही खुला आहे. पण विंडोजवर आधी लिनक्सची उपप्रणाली बसवा, मग टर्मिनलमध्ये आज्ञा द्या. तिच्या दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

चिन्हावर दोनदा टिचकी मारली की उघडणारं आणि बंद करताना "गणित चालू आहे, थांबवू का?" असं विचारणारं सेजमॅथचं साधं डेस्कटॉप ॲप हवं. हे होऊ शकतं. मॅक्झिमाला डब्ल्यूएक्समॅक्झिमा ही खिडकी आहे, ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरलाही 2015 च्या 4.0 आवृत्तीपासून स्वतःची खिडकी मिळाली.

अडतं ते एकत्र बसण्यावाचून. ॲप बांधू शकणारे वर्गात नसतात आणि आम्ही शिकवणारे कोडकडे फिरकत नाही. मुलं सवयीने 2x लिहितात, मध्ये गुणाकाराची खूण नाही म्हणून लाल अक्षरांत चूक येते आणि ती घाबरून हात मागे घेतात. हे खिडकी बांधणाऱ्याला कोण सांगणार? आम्हीच सांगायला हवं.

अशा अडखळण्याच्या जागा मी वर्षभर वहीत टिपते आहे. कोणी प्रोग्रॅमर हे काम हाती घेणार असतील, तर ती वही त्यांची. मेनूंची मराठी मी करेन आणि प्रत्येक कच्ची आवृत्ती वर्गात वापरून पाहीन. पहिली त्या मुलीच्या हातात देईन.

– एक गणित शिक्षिका