'लिटल बिग मॅन' यादीत हवाच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वेस्टर्न सिनेमांवरचा लेख आवडला, पण त्यात १९७० चा 'लिटल बिग मॅन' कुठेच नाही हे बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आपल्याकडे वेस्टर्न म्हटलं की क्लिंट ईस्टवूड आणि ती शिट्टी एवढंच आठवतं, रेड इंडियन म्हणजे ओरडत यायचं आणि गोळी खाऊन पडायचं. आर्थर पेनच्या या पिक्चरमध्ये १२१ वर्षांचा जॅक क्रॅब (डस्टिन हॉफमन) आपली गोष्ट सांगतो, शायेन या रेड इंडियन जमातीच्या लोकांनी वाढवलेला गोरा पोरगा, कधी इकडे कधी तिकडे. सुरुवातीला तर हसून पोट दुखतं. एक भोंदू औषधवाला दर भेटीत हात, डोळा, पाय असं काहीतरी गमावून भेटतो आणि धंदा चालूच, एक शायेन सगळं उलटं करायचं व्रत घेऊन घोड्यावर उलटा बसतो, मातीने अंघोळ करतो.

आणि मग वॉशिटा नदीकाठचा हल्ला. २७ नोव्हेंबर १८६८ ला पहाटे अमेरिकन लष्करातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या घोडदळाने झोपलेल्या शायेन वस्तीवर खरंच हल्ला केला होता. पिक्चरमध्ये बर्फ पडलाय, लष्कराचा बँड वाजतोय, घोडे मारले जाताहेत, आणि जॅक ज्यांना आजोबा म्हणतो ते आंधळे शायेन प्रमुख 'आपण कुणाला दिसतच नाही' अशा समजुतीत जॅकबरोबर त्या गोळ्यांमधून हसत नदीकडे चालत जातात. मीही हसलो हो, आणि लगेच जॅकची बायको तान्ह्याला घेऊन पळताना त्याच्या डोळ्यादेखत पडते. ते तोंडावरचं हसू कुठे ठेवावं कळेना. व्हिएतनाममधलं माय लाय, म्हणजे अमेरिकन सैनिकांनी केलेलं गावकऱ्यांचं हत्याकांड, तेव्हा ताजं होतं, अमेरिकन प्रेक्षकाला हे नक्की कळलं असणार.

आजोबांची भूमिका केलेले चीफ डॅन जॉर्ज कॅनडातल्या स्वतःच्या जमातीचे खरेखुरे प्रमुख राहिलेले, सत्तरीत ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, ऑस्कर मात्र दुसऱ्याला गेलं. माझ्या मते ते त्यांचंच होतं. प्लीज यांच्यावर एकदा सविस्तर छापा.

शेवटी आजोबा मरायचं ठरवून डोंगरावर जातात, प्रार्थना करतात, आडवे होतात, डोळे मिटतात. पाऊस येतो. थेंब त्या सुरकुत्यांवर टपटपतात, पापणी हलते. मी अजून याच जगात आहे का, विचारतात. जॅक हो म्हणतो. मग म्हातारा उठतो, जादू कधी चालते कधी नाही म्हणतो, आणि दोघं पावसात जेवायला घरी निघतात.

आपला एक नियमित वाचक
सांगली