‘ट्रान्सफॉर्मर जोडावा’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी बनवायच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. बोर्डाचे चित्र स्वच्छ आहे, सोल्डरिंगच्या सूचनाही नेमक्या. पण वीजपुरवठ्याबद्दल सगळ्या लेखात एकच ओळ : ‘बाजारात मिळणारा १२-०-१२, ५ अँपियर ट्रान्सफॉर्मर जोडावा.’ (१२-०-१२ म्हणजे मधल्या ० च्या वायरीच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा व्होल्ट.) गणपती तोंडावर आलेत. इथल्या, इंदूरच्या महाराणी रोडवरून बोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर आणून मंडळाची मुले हाच उद्योग करणार, आणि बोर्ड जळणार ते नेमके त्या ओळीमुळे. म्हणून हे पत्र.

लेखातला अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी टीडीए २०३० आहे. त्याची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्ट. आता हिशोब करा. एसीचे डीसी केले की १२ व्होल्ट एसी गुणिले १.४१४ म्हणजे १७. डायोडचा एक व्होल्ट वजा केला की १६. कागदावर सगळे ठीक. मात्र ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट पूर्ण लोडवरचे असतात. गाणे बंद असताना छोटा ट्रान्सफॉर्मर दहा-पंधरा टक्के जास्तच देतो, म्हणजे साडेतेरा. त्यात रात्री लाइन चढून मेन्स २५० झाले तर साडेचौदाच्या वर. त्याचे डीसी होतात सुमारे २०. आयसी उडतो तो असा, बहुतेक वेळा आवाज कमी असताना, आणि दोष मात्र ‘डुप्लिकेट आयसी’वर जातो. टीडीए २०३० ला ९-०-९ लावा, नाहीतर २०३०‘ए’ घ्या, त्याला २२ व्होल्ट चालतात. शेवटचा ‘ए’ आयसीवर छापलेला आहे का, ते दुकानातच पाहून घ्यावे. १८-०-१८ वापरायचा असेल तर एलएम १८७५ हा आयसी घ्यावा. त्याची मर्यादा अधिक-उणे ३० आहे. वरच्याच हिशोबाने रात्री तीसच्या काठाला जातो, हे मात्र लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट अँपियरची. ‘पाँच अँपियर है, भैया’ असे सांगून दिलेला ट्रान्सफॉर्मर खरेच पाचचा आहे का, हे तपासायला गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब पुरतो. ट्रान्सफॉर्मरच्या ० आणि १२ या वायरींना बल्ब जोडा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून वाचा. हा बल्ब साडेचार अँपियर ओढतो. व्होल्टेज बाराच्या आसपास टिकले तर माल खरा. नऊवर बसले तर वाइंडिंग दोन-तीन अँपियरचे आहे. १२-०-१२, ५ अँपियर म्हणजे १२० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर : २४ गुणिले ५), आणि एवढा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर दीड किलोच्या आत भरला तर शंका घ्यावी. वायरीचे टोक ब्लेडने खरवडून पाहा : आतून पांढरी निघाली आणि सोल्डर धरेना, तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे. शिवाय पाच अँपियर एसी म्हणजे पाच अँपियर डीसी नव्हे. ब्रिज (एसीचे डीसी करणारी चार डायोडची जोडणी) आणि कंडेन्सर लावल्यावर त्यातून सलग तीनच अँपियर काढावेत, नाहीतर ट्रान्सफॉर्मर हात लावू देणार नाही इतका तापतो.

डायोड ४००७ चालणार नाहीत, ते एक अँपियरचे. धातूच्या चौकोनी डबीतला केबीपीसी ३५१० ब्रिज घ्या आणि मधल्या भोकातून स्क्रूने पत्र्यावर कसा. त्याची + ची पत्ती बाकी तिघींना आडवी असते आणि कर्णात समोर येते ती −. उरलेल्या दोन्हींना ट्रान्सफॉर्मरची बाहेरची दोन टोके. सेंटर टॅप, म्हणजे मधली ० ची वायर, ब्रिजला कुठेही लागत नाही, ती थेट दोन कंडेन्सरच्या मधल्या सांध्यावर जाते.

कंडेन्सरबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते. १०० हर्ट्झला दर १० मिलिसेकंदांनी कंडेन्सर भरतो आणि मधल्या काळात अ‍ॅम्प्लिफायर त्यातून पितो. दोन अँपियरला ४७०० मायक्रोफॅरड असेल तर व्होल्टेज दर फेरीत चार व्होल्टपर्यंत खाली-वर होते. १०,००० असेल तर दोन. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ असो वा १८-०-१८, दर रेलला, म्हणजे पुरवठ्याच्या अधिक आणि उणे अशा दोन्ही बाजूंना, निदान १०,००० द्यावेत (४७०० चे दोन समांतर लावले तरी चालतील). व्होल्टेज १८-०-१८ ला ५० चेच. २५ व्होल्टचे फुगून फुटतात, आणि ३५ चे टिकले तरी हाताशी काही शिल्लक ठेवत नाहीत. जुन्या किंवा कमी क्षमतेच्या कंडेन्सरवर नवे वेष्टण चढवून विकण्याचा धंदा जुनाच आहे. त्यावर घड्याळाची परीक्षा आहे. रिकाम्या ४७०० च्या कंडेन्सरला १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्ट डीसी द्या आणि त्याच्या पायांवर मीटर धरा. ७.६ व्होल्ट गाठायला सुमारे ४७ सेकंद लागायला हवेत. वीस टक्के फरक चालतो, म्हणजे ३८ ते ५६. पंचवीस सेकंदांतच गाठले, तर आत निम्माच माल आहे. दर कंडेन्सरवर २.२ किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून ठेवा, म्हणजे बंद केल्यावर दोन मिनिटांत तो रिकामा होईल. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणग्या काढण्याची हौस नको.

आता भुणभुण. ‘फिल्टर वाढवा’ हा त्यावरचा ठरलेला सल्ला, आणि तो बहुधा चुकीचा. भुणभुण दोन प्रकारची असते. खर्जातली, गुळगुळीत, ५० हर्ट्झची असेल तर ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा दोन ठिकाणी जोडलेल्या अर्थमधून येते. ट्रान्सफॉर्मर कसण्याआधी चालू अ‍ॅम्प्लिफायरजवळ तो पेन्सिलीच्या रबरी टोकाने थोडा थोडा फिरवून पाहावा, एका कोनात आवाज पडतो. खरखरीत, मधमाशीसारखी, १०० हर्ट्झची असेल तर चूक ग्राउंडच्या वायरिंगमध्ये आहे. कंडेन्सर सावकाश भरत नाही. १० पैकी जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांत तो गचकन दहा-दहा अँपियर ओढतो. सेंटर टॅप अ‍ॅम्प्लिफायरच्या बोर्डावर नेऊन जोडली असेल तर हे गचके इनपुटच्या ग्राउंडमधून जातात, आणि तुम्ही २२,००० चे कंडेन्सर लावले तर गचके आणखी मोठे होतात. उपाय बिनखर्ची आहे. दोन कंडेन्सरचा मधला सांधा जाड तांब्याने जोडा आणि सेंटर टॅप तिथेच संपवा. त्या सांध्यापासून एक इंच लांबीची वेगळी जाड वायर काढा. तिच्या टोकावर स्पीकरची परतीची वायर, बोर्डाचे ग्राउंड आणि इनपुटचे ग्राउंड, तिन्ही वेगवेगळ्या येऊ द्या. भरतीचा करंट त्या एका इंचात येतच नाही, सारे कसब एवढेच.

टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, वापरणाऱ्यांसाठी : मधल्या बोल्टचे वरचे टोक झाकणाला टेकू देऊ नका. खाली पत्रा, वर झाकण, मधे बोल्ट, असा बंद फेरा झाला की तो ट्रान्सफॉर्मरचाच एक शॉर्ट झालेला वेढा होतो, आणि फ्यूज नाही उडाला तर वास येतो.

प्रीअ‍ॅम्पसाठी (मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या सर्किटसाठी) अधिक १२ व्होल्ट स्थिर देणाऱ्या ७८१२ सोबत उणे १२ चा ७९१२ लावाल तर दोघांचे पाय सारखे नसतात. ७८१२ मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७९१२ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, म्हणून मधे अभ्रकाचा पातळ तुकडा न घालता पत्र्यावर कसला की उणे रेल शॉर्ट.

मेन्सच्या बाजूची चूक मात्र माफ होत नाही. तीन पिनांची दोरी घ्या. अर्थची वायर पेटीच्या पत्र्याला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, स्वतंत्र स्क्रूने; हाच स्क्रू ट्रान्सफॉर्मर कसायला वापरायचा नाही. फ्यूज फेजमध्ये, १२० व्हीएला स्लो-ब्लो १ अँपियर. साधा फ्यूज चालू करतानाच्या धक्क्यात उडतो, मग लोक त्याच्याजागी तार गुंडाळतात.

पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालावा. जुना तारेचाच, एलईडीचा उपयोग नाही. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर ब्रिज किंवा कंडेन्सर उलटा आहे. हे सगळे अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड न जोडता करायचे. रात्री लाइन चढलेली असतानाही दोन्ही रेल मोजून १८ च्या आत आल्या, तरच लेखातला टीडीए २०३० चा बोर्ड लावायचा.

पुढच्या रविवारी ती एक ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती. ट्रान्सफॉर्मरच्या चिठ्ठीवर लोड नसतानाचे व्होल्टेज आणि व्हीए लिहायला महाराणी रोडच्या दुकानदारांनाही काही खर्च येणार नाही.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर