शिंपी पक्षी झोपतो कुठे, हे दाखवणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,

सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आमच्या परसात शिंप्याच्या जोडीची पिल्लं वाढली आणि उडाली, याचं श्रेय त्या जोडीचंच. पण ती जोडी आम्हाला दिसली आणि आमचा तिला त्रास झाला नाही, हे तुमच्यामुळे.

खान्देशात खोपा म्हटला की सुगरण. विहिरीवर लोंबणारे तिचे खोपे सगळ्यांनी पाहिलेले असतात. शिंप्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि तो तर खिडकीपासून हातभर अंतरावर वावरतो. पाठ हिरवट, माथा तांबूस, शेपटी सदा उभी. वजन जेमतेम सहा ते दहा ग्रॅम, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत. भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असतानाही दुपारचं ते ‘टुवीट टुवीट’ चालूच असायचं. तो आवाज कुणाचा, हे तुम्ही कुंपणापलीकडून कागदी लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवलंत तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर तुम्ही माझ्या लेकीला एक वही दिलीत. रेल्वेत सिग्नल केबिनमध्ये नोकरी केलेल्या माणसाची वही, त्यामुळे रकाने ठरलेले: वेळ, कोण, कुठे, काय केलं. ‘वाटलं’ असं काही लिहायचं नाही, जे दिसलं तेच लिहायचं, आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे. सहावीतल्या पोरीला ही शिस्त जड जाईल असं मला वाटलं होतं, पण तिला तीच आवडली. ‘०७:१०, मादी, वांग्याचं तिसरं झाड, चोचीत पांढरं काहीतरी’, अशी तिची नोंद वाचली आणि आम्हाला खोप्याचा पत्ता लागला.

पोळ्याच्या सुमाराची ही गोष्ट. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भरतासाठी लावलेली वांगी तेव्हा गुडघ्याच्या वर आली होती. त्यातल्या एका झाडाची दोन रुंद पानं शिंप्याच्या मादीने जवळ ओढली होती. तुम्ही दुर्बीण दिलीत, पण पायरीवरूनच बघायला लावलंत. पानाच्या कडेला ती चोचीने बारीक भोक पाडते, त्यातून धागा ओवते. पलीकडे धाग्याचं टोक पिंजून फुगतं आणि तो परत सरकत नाही. गाठ मारावी लागत नाही. भोकं इतकी बारीक की पान करपत नाही, झाडावर हिरवंगार राहतं. पानाची वरची बाजू बाहेर ठेवलेली असते, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला ते एक मुरडलेलं पान वाटतं, बस. धागा कसला, तर कोळ्याचं जाळं, सालीचे तंतू आणि कापूस. आपल्या जळगाव जिल्ह्यात कापसाला काय तोटा! तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही सरकी काढलेला कापूस सैल पिंजून तारेवर अडकवला. शिवणाचा दोरा, मांजा, नायलॉन असलं काही ठेवायचं नाही, पिल्लांच्या पायात गुंततं, हेही तुम्हीच बजावलंत. कापूस ती घेऊन गेली. आईंना त्याचा इतका आनंद झाला की शेजारच्या बायकांना बोलावून त्या कापूस दाखवत होत्या, खोपा नाही. खोपा दाखवायचा नाही हे त्यांना मनापासून पटलं होतं.

ते पटलं, ते तुमच्या एका वाक्याने. भाचा आला होता, त्याला मोबाइलवर जवळून फोटो काढायचा होता आणि एक आडवं पान बाजूला करायचं होतं. तुम्ही कुंपणावरून म्हणालात, “पोरा, त्या पानाले हात लावू नको. तिचं छप्पर आहे ते.” मग समजावलंत की पान सरकलं की ऊन आत येतं आणि कावळ्याला, भारद्वाजाला वाट मिळते. अंड्यांना किंवा खोप्याला धक्का लावणं ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारच मानली जाते, हेही सांगितलंत. भाचा फोटो न काढता गेला, पण जाताना दुर्बिणीतून तासभर बघून गेला.

फवारणीचं श्रेयही तुमचंच, नाना. वांगं लावणाऱ्याला अळीची काळजी असते आणि आईंनी औषध आणूनही ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, पिल्लांना जोडी दिवसभर अळ्या आणि किडेच भरवणार, पानावर औषध पडलं तर तेच त्यांच्या पोटात जाईल. आईंनी बाटली तशीच कपाटात ठेवली. काही वांगी किडली, ती त्यांनी मुकाट्याने टाकली. परसातल्या वांग्यांवर जीव असलेल्या बाईसाठी हे सोपं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते संध्याकाळबद्दल. खोपा म्हणजे पक्ष्याचं घर, पक्षी रोज तिथेच झोपत असणार, असं बहुतेक सगळे धरून चालतात. लेकीने तुम्हाला विचारलं, “मग पिल्लं उडाल्यावर खोपा रिकामा का?” तुम्ही उत्तर दिलं नाही. दिवे लागायच्या वेळी ओट्यावर बस आणि वहीत लिही, एवढंच सांगितलंत. खोपा हा फक्त अंडी आणि पिल्लांपुरता. अंडी साधारण बारा दिवसांत फुटतात, पुढे दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात आणि खोप्याचं काम संपतं. झोपायला त्यांना बारीक डहाळी लागते, वर पानांचं छत असलेली, आणि बहुतेकदा माणसांच्या वस्तीजवळ, दिव्याजवळ. आमच्या दाराशी बल्बजवळ मधुमालतीचा वेल आहे. रोज त्याच्याखालून आम्ही जा-ये करतो. ‘१९:०५, दोघं, मधुमालती, एकाच डहाळीवर चिकटून,’ असं लेकीने लिहिलं आणि ती वही घेऊन अंधारात तुमच्याकडे पळाली, आठवतं ना?

पिसं फुगवून दोन गोळे शेजारी शेजारी. पिल्लं उडाल्यानंतर काही रात्री दोघांच्या मध्ये एक पिल्लू दाबून बसलेलं असायचं. विणीचा हंगाम संपल्यावर जोडी एकत्र झोपत नाही, एकेकटी झोपते. तेही वहीत आलं. डहाळी इतकी बारीक का, यावर तुमचं म्हणणं असं की मांजर किंवा साप चढला तर ती आधी हलते आणि पाखराला जाग येते. मला हे पटतं. पक्ष्यांबद्दल बोलणारे खोप्याबद्दलच बोलतात, झोपेबद्दल फार कमी. आणि वर्षातले बहुतेक दिवस तर पक्षी खोप्याशिवायच काढतो. त्या दिवसांसाठी परसात काय लागतं, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं: थोडी न छाटलेली वेल, थोडं दाट झुडूप.

कुंपणाकडच्या गवतात राखी वटवट्याही आहे, उडताना पंखांचा चटचट आवाज करणारा. त्याचा खोपा अजून सापडलेला नाही. त्याची अंडी विटेसारखी लाल असतात हे तुमच्याकडून ऐकल्यापासून लेकीला चैन नाही, पण तीही शोधायला गवतात शिरत नाही, पायरीवरच बसते.

मधुमालती आता ओट्यावर फार वाढलीय आणि ती छाटायला माणूस येणार आहे. त्याला काही सांगण्याआधी तुम्ही बघून जा. झोपायच्या डहाळ्या कुठल्या, वर छत म्हणून किती वेल ठेवायची, ते तुम्हीच खुणा करून द्या. रविवारी काकूंनाही आणा. वाचलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी करणार आहोत. आणि वहीची पानं संपत आली आहेत. नवी वही तुम्हीच आखून द्यावी, असा लेकीचा हट्ट आहे.

तुमची,
शेजारीण