हर्षलाची एक फेरी

बाथ, इंग्लंड
रविवार, 28 डिसेंबर 2025

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपण रोज बोलतो, तरी आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. ओंकारने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता, त्यावर युरेनसबद्दलचे प्रश्न पानभर. आणि पानाच्या तळाशी, आप्पा, तुमच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने एक ओळ: 'पंचांगातला हर्षल तो हाच का?' ती ओळ मी कितीदा वाचली सांगता येणार नाही. त्या एका ओळीचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं.

हो आप्पा, तो हाच. आणि हर्षल हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे. विल्यम हर्षल. मी राहते तिथून त्याचं घर चालत वीस मिनिटांवर आहे, 19, न्यू किंग स्ट्रीट. सात वर्षं मी या गावात नोकरी करते, त्या रस्त्याने शंभर वेळा गेले असेन, पण आत पाऊल टाकलं ते तुमची ओळ वाचल्यावर.

घर अरुंद, एकावर एक मजले. मागे छोटीशी बाग, आपल्या परसदाराहून फार मोठी नाही. 13 मार्च 1781 च्या रात्री, दहा ते अकराच्या दरम्यान, या बागेत स्वतः बनवलेली सात फुटी दुर्बीण लावून हर्षल वृषभ राशीतले तारे तपासत होता. पोटापाण्याला तो संगीतकार; चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि दिवसभर शिकवण्या घ्यायचा. त्या रात्री त्याला एक तारा इतरांहून वेगळा वाटला. त्याने जास्त मोठं दाखवणारं भिंग लावलं, मग त्याहून मोठं. ओंकार, इथे लक्ष दे. तारे इतके लांब असतात की भिंग कितीही वाढवलं तरी ते ठिपकेच राहतात. हा ठिपका मात्र भिंगागणिक मोठा होत गेला, म्हणजे तो तारा नव्हता. हर्षलला आधी धूमकेतू वाटला. पुढे इतरांनी त्याच्या कक्षेचं गणित मांडलं तेव्हा कळलं की हा शनीच्या पलीकडून सूर्याभोवती फिरणारा ग्रह आहे. बुध ते शनी हे ग्रह माणूस हजारो वर्षं नुसत्या डोळ्यांनी बघत आला होता. दुर्बिणीने शोधलेला पहिला ग्रह हा. आपल्या नवग्रहांत तो नाही, त्याचं कारणही हेच.

हर्षलने त्याला राजा तिसरा जॉर्ज याचं नाव दिलं होतं. इंग्लंडबाहेर ते कुणाला रुचलं नाही. फ्रान्समध्ये लालांद या खगोलशास्त्रज्ञाने 'हर्षल' सुचवलं, जर्मनीत बोडे याने 'युरेनस', आणि शेवटी युरेनस टिकलं. इथे रस्त्यावर कुणालाही विचारा, ग्रहाला हर्षल म्हणणारा भेटणार नाही. आपल्या पंचांगात मात्र ते नाव अजून रोजच्या वापरात आहे. हे कळलं तेव्हा त्या घराच्या पायरीवर उभ्या उभ्या मला दहिवडीची ओसरी दिसली, आणि खुंटीला अडकवलेलं तुमचं पंचांग.

त्या घरातली एक जागा तुम्हाला दाखवायला हवी होती. मागच्या कामाच्या खोलीत फरशी दगडी आहे आणि तिला तडे गेलेले आहेत. मोठ्या दुर्बिणीसाठी धातूचा आरसा ओतायचा म्हणून हर्षलने तिथे भट्टी पेटवली होती. साचा मातीत घोड्याची लीद कालवून केलेला, म्हणजे आपली शेणमातीच. 1781 च्याच ऑगस्टमध्ये भट्टी फुटली आणि उकळता रस फरशीवर आला. दगड तडातड फुटून उडाले, सगळे जीव घेऊन बाहेर पळाले. ते तडे अडीचशे वर्षांनीही तसेच आहेत. मी वाकून बोट फिरवलं. कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

आणि आई, हे तुझ्यासाठी. हर्षलची धाकटी बहीण कॅरोलाइन त्याच्यासोबत राहायची. लहानपणी मोठ्या तापाने तिची वाढ खुंटली, उंची सव्वाचार फुटांवर थांबली. घरच्यांनी ठरवून टाकलं की हिचं लग्न होणार नाही, हिने घरकाम करावं. भावाने तिला जर्मनीतून इथे आणलं, गाणं शिकवलं, गणित शिकवलं. आरसा घासताना हात मध्येच काढला तर बिघडतो, म्हणून तो एकदा सोळा सोळा तास घासत बसलेला असताना ती त्याला घास भरवायची. पुढे ती रात्र रात्र त्याने सांगितलेल्या नोंदी लिहून घ्यायची आणि सकाळी त्यांची गणितं करायची. तिने स्वतः 8 धूमकेतू शोधले. 1787 पासून राजाने तिला वर्षाला 50 पौंड पगार बांधून दिला. शास्त्राच्या कामासाठी पगार घेणारी इंग्लंडमधली ती पहिली बाई. 97 वर्षं जगली. ग्रहाबरोबर नाव भावाचंच आलं, पण तुळशीपाशी दिवा लावताना कधी हर्षल आठवला तर कॅरोलाइनलाही आठव.

आता ओंकार, तुझे प्रश्न.

'आइस जायंट म्हणतात, मग तिथे बर्फ किती जाड आहे?' बाळा, आपल्या फ्रिजमधल्यासारखा बर्फ तिथे नाही. पाणी, अमोनिया आणि मिथेन यांना शास्त्रज्ञ एकत्रितपणे 'आइस' म्हणतात, कारण सूर्यमाला तयार होत होती तेव्हा इतक्या लांबच्या थंडीत हे पदार्थ गोठलेले होते. ग्रहाच्या पोटात आज त्यांचं दाट, उकळतं रसायन आहे, हजारो अंशांचं. आजीच्या कुकरमध्ये दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी पाणीच राहतं, ते आठव आणि तो दाब लाखो पटींनी वाढव. म्हणून 'यान उतरेल का' याचं उत्तरही नाही. उतरायला जमीनच नाही. वर हायड्रोजन आणि हेलियम, खाली जावं तसं दाट होत जाणारं वातावरण, आणि यान मध्येच चिरडून जाईल. वरच्या हवेतलं मिथेन सूर्यप्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतं, म्हणून तो आपल्याला फिकट निळसर हिरवा दिसतो.

सडक्या अंड्याच्या वासाचं तू ऐकलंस ते खरं आहे. 2018 साली हवाईमधल्या मोठ्या दुर्बिणीने त्याच्या ढगांच्या वरच्या थरात हायड्रोजन सल्फाइड सापडल्याचं जाहीर झालं, आणि तो वास त्याच वायूचा. हिऱ्यांचा पाऊस मात्र अजून कुणी पाहिलेला नाही. पोटातल्या दाबाने मिथेनमधला कार्बन वेगळा होऊन त्याचे हिरे बनत असावेत, असा तर्क आहे. 2017 साली अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीनवर, म्हणजे आपलं थर्माकोल ज्याचं बनतं त्यावर, लेझरचा प्रचंड मारा केला तेव्हा क्षणभर अतिसूक्ष्म हिरे तयार झाले. गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमधून हिरे! मला हे वाचून तुझ्याइतकाच आनंद झाला.

कडी आहेत, तेरा. ती सापडली 10 मार्च 1977 ला, ग्रह एका ताऱ्यासमोरून जाताना. ग्रह मध्ये येण्याआधीच ताऱ्याचा उजेड थोडा थोडा लुकलुकला आणि ग्रह गेल्यावर पुन्हा तसाच. अमेरिकन शास्त्रज्ञ हे विमानातल्या दुर्बिणीतून बघत होते, आणि त्याच रात्री आपल्या तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनीही उजेड कमी झाल्याची नोंद केली होती. चंद्र 28 माहीत होते, यंदा अंतराळातल्या वेब दुर्बिणीने एकोणतिसावा दाखवला, जेमतेम दहा किलोमीटरचा. यान तिथे आजवर एकच गेलं, व्हॉयेजर 2. निघाल्यापासून साडेआठ वर्षांनी, 24 जानेवारी 1986 ला ते जवळून गेलं आणि पुढे निघून गेलं. तुझे डोळे चांगले आहेत आणि गणित बरं आहे. पुढचं यान जाईल तेव्हा तू कामाला लागलेला असशील.

सगळ्यात सुंदर प्रश्न तू शेवटी विचारलास: 'तो आडवा का?' पृथ्वी थोडी कललेली भोवऱ्यासारखी फिरते. युरेनस जवळजवळ कुशीवर पडून फिरतो, 98 अंशांनी कललेला. लहानपणी पृथ्वीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या एखाद्या गोळ्याची धडक बसून तो आडवा झाला असावा, असं बहुतेकांना वाटतं. सूर्याभोवतीची एक फेरी त्याला 84 वर्षं लागते. म्हणून त्याच्या एका ध्रुवावर 42 वर्षं उजेड आणि दुसऱ्यावर 42 वर्षं काळोख. त्याच्या उत्तर ध्रुवावर 2007 साली सूर्य उगवला, तो अजून मावळलेला नाही. ओंकार, तुझा जन्म झाला तेव्हा तिथे सकाळ होती. तू पस्तिशीचा होशील तेव्हा कुठे संध्याकाळ होईल.

आई, आता तू मला सांगितलंस त्याबद्दल. त्या गृहस्थांनी पत्रिका बघून सांगितलं की दादाच्या विहिरीला पाणी लागलं नाही ते हर्षल बिघडल्यामुळे, आणि शांतीचा खर्चही सांगितला. आई, हर्षल एका राशीत सातेक वर्षं बसून असतो. दादाच्या अख्ख्या वर्गाचा हर्षल दादाच्याच राशीत आहे. बांधाला बांध लागून असलेले शिवाजीअण्णा त्याच्याच वर्गातले, आणि त्यांच्या विहिरीला पाणी लागलं. इथून तो सध्या 280 कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. तू संध्याकाळी सहाला दिवा लावलास तर त्याचा उजेड तिथे पोचायला साडेआठ वाजून जातात. त्या खर्चाच्या पैशांत दादाने भूजलवाल्या जाणकाराकडून जमीन तपासून घ्यावी. मी पैसे पाठवते. शांतीला पाठवणार नाही, हे तुझ्यावर माया आहे म्हणूनच स्पष्ट लिहिते.

आप्पा, आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा मला रजा मिळाली नाही. तुम्हाला पाटावर बसवून ओवाळताना मी व्हिडिओवर पाहिलं, आणि ड्यूटीच्या खोलीत दार लावून रडले. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, तुम्हाला 84 पूर्ण होतील. किंक्रांतीचं पोर म्हणून आजीला लोकांनी काय काय ऐकवलं ते तुम्हीच सांगितलं आहे. मी परवा गणित करून बघितलं. 1942 च्या जानेवारीत तुम्ही जन्मलात तेव्हा हर्षल कृत्तिकांच्या जवळ होता. 84 वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारून तो आज पुन्हा तिथेच, कृत्तिकांजवळ आला आहे. खुद्द विल्यम हर्षल 83 वर्षं नऊ महिने जगला. त्याला ही एक फेरी पुरी बघायला मिळाली नाही. तुम्हाला मिळते आहे.

मी गेल्या आठवड्यात पाहिला. महिनाभर भुरभुर पाऊस होता, एका रात्री ढग फाटून आभाळ स्वच्छ झालं. नदीकाठच्या मैदानात एक म्हातारे गृहस्थ दुर्बीण लावून बसले होते, त्यांनी मला बघू दिलं. बोटं गारठून सुन्न झाली होती. भिंगात एक लहानशी फिकट टिकली, कोवळ्या हरभऱ्याच्या रंगाची पण त्याहून पुसट, आणि अगदी स्थिर. आजूबाजूचे तारे लुकलुकत होते, ती लुकलुकत नव्हती.

तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण मी मे महिन्यात आणलेली दहा बाय पन्नासची दुर्बीण कपाटात वरच्या फळीवर आहे. 18 जानेवारीला पौष अमावास्या आहे. चंद्र नाही, आणि आपल्या माणदेशात तेव्हा आभाळ कोरडं असतं. दादाला सांगून गल्लीतला तो पांढरा दिवा तासभर बंद करून घ्या. रात्री आठ-साडेआठला कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर असेल. गच्चीवर गोधडी अंथरून डोकं दक्षिणेला करून निजा, म्हणजे दक्षिणेला पाय झाले असं आई म्हणणार नाही. हात लांब करून कृत्तिकांपासून दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला, तीन बोटं मोजा. तिथे दुर्बीण न्या. अंधुक ताऱ्यांमधला नेमका कोणता ते कळावं म्हणून मी हाताने नकाशा काढून सोबत ठेवला आहे, तांबड्या शाईची फुली आहे तोच. ओंकार, आजोबांचे हात हलतात, दुर्बीण तू धर. आप्पांचा मोतीबिंदू काढून झाला आहे, त्यांना दिसेल.

थंडी असेल, आप्पांनी कानटोपी घालावी. आईने गुडघ्याला तेल लावूनच जिना चढावा. दादा-वहिनींना नमस्कार, ओंकारला गोड पापा. तिळगूळ पाठवला आहे, इथल्या तिळाचा आहे, पण गूळ तुम्हीच दिलेला.

18 तारखेला रविवार आहे, मला सुट्टी आहे. तुमच्याकडे साडेआठ वाजतील तेव्हा इथे दुपारचे तीन. फोन हातात धरून बसलेली असेन. दिसल्याबरोबर लावा.

आपली,
सुनंदा