दाराबाहेर उभ्या राहिलेल्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, उगाच तुम्हाला वरून कुणी बोलायला नको. युरॉलॉजीच्या ओपीडीत उरलेली लघवी मोजणाऱ्या सिस्टर म्हटलं की तिथल्या पेशंटना बरोबर कळेल.

लघवी धरवत नाही हे तोंडाने सांगायलाच आम्हा बायकांना वर्षं लागतात. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडली, पोट साफ होईना, आणि घाई होती तशीच. मग मूत्राशयात बोटॉक्स. सुरकुत्यांसाठी वापरतात तेच औषध, 100 युनिट, दुर्बिणीतून वीसेक ठिकाणी टोचतात. पहिल्या वेळी ते घेतलं एका भपकेबाज हॉस्पिटलात. लॉबीत कॉफीचं मशीन होतं, पण इंजेक्शनाआधी लघवी कल्चरला, म्हणजे तिच्यात जंतू आहेत का ते तपासायला, पाठवावी असं कुणाला सुचलं नाही. नंतर लघवी किती उरते तेही बघितलं नाही. घाई थांबली खरी, पण पाठोपाठ लघवीला आग आणि हुडहुडी भरून ताप. फोन केला तर उत्तर काय, "पाणी भरपूर प्या काकू, वयानुसार होतं." मला मधुमेह आहे हे फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत होतं. पान उलटायचेही कष्ट नव्हते!

यात वयाला कशाला बोल लावायचा, हे मला तुम्ही समजावलंत. औषधाने मूत्राशयाचा स्नायू सैल पडतो म्हणून घाई थांबते. तोच जास्त सैल पडला तर लघवी आत उरते, आणि डबक्यात डास व्हावेत तसे तिच्यात जंतू वाढतात. चाचण्यांमध्ये पहिल्या 12 आठवड्यांत औषध घेतलेल्या शंभरातल्या 18 जणांना संसर्ग झाला होता, औषधाविना इंजेक्शन घेतलेल्यांत 6 जणांना. मधुमेह असला की धोका आणखी वाढतो. म्हणून या वेळी कल्चर आधी, संसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच इंजेक्शन, त्याच्या आगेमागे थोडे दिवस अँटिबायोटिक, आणि दोन आठवड्यांच्या आत तपासणी.

त्या तपासणीत लघवी बरीच उरलेली निघाली. आता नळी घालणार म्हणून माझे हातपाय गार पडले. तुम्ही म्हणालात, "काकू, परत जाऊन बसा. पाय टेकवा, थोडं पुढे वाका. झाली असं वाटलं तरी लगेच उठू नका, जरा थांबून पुन्हा करा."

पण ओपीडीत बायकांचा संडास एक आणि बाहेर ही रांग. कुणी कडी वाजवली की सगळं आखडतं, हे ज्यांना होतं त्यांनाच कळेल. मी बसते न बसते तोच दारावर थाप पडली. लगेच तुमचा आवाज, "आत पेशंट आहेत, वेळ लागेल. वरच्या मजल्यावर जा." मग दाराखालच्या फटीतून तुमचे पांढरे बूट दिसत राहिले. एका बुटाची लेस सुटलेली होती, तीही तुम्ही वाकून बांधली नाहीत. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. नळी टळली.

आजार माझा घाईचा, पण खरी घाई सगळ्या दवाखान्यांनाच असते. दार राखत उभं राहणं तुमच्या ड्यूटीत कुठे लिहिलेलं नसणार. अशी माणसं भेटतात म्हणून तर आपल्यासारख्यांचं निभतं, सिस्टर, मशिनं काय सगळीकडेच असतात.

त्यानंतर संसर्ग झालेला नाही. थांबून दुसऱ्यांदा करायची सवय अजून पाळते, घरातले बाहेर ताटकळले तरी. औषधाचा असर साधारण सहा महिने टिकतो, त्यामुळे पुढचा डोस दिवाळीनंतर येईल. तारीख घेताना तुमची ड्यूटी कधी आहे हे मी खिडकीवर विचारणारच. तिथल्या ताईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे चिडायच्या नाहीत.

तुमची,
साताऱ्याहून एसटीने येणारी काकू