आरडीला किक मारण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ धडकीही भरली. इतकी वर्षं कव्हराखाली झाकलेली राजदूत 350, म्हणजे आपली जुनी दोन सिलिंडरची आरडी मोटरसायकल, तू बाहेर काढलीस, हे फार छान केलंस. पण ‘रविवारी किक मारून बघतो’ हे तेवढं रद्द कर. पहिली किक सगळ्यात शेवटी.

आरडीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवा आत ओढली जाते, खाली येताना तीच दाबून पोर्टातून वर ढकलली जाते. त्यामुळे क्रँककेसला कुठूनही हवा लागता कामा नये. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची) ऑइल सीलं, म्हणजे रबरी कड्या, सुकून कडक होतात. उजवं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्समधलं ऑइल आत ओढलं जातं. धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत राहते. हे तरी डोळ्यांना दिसतं. डावीकडचं, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या बाजूचं सील गेलं तर फक्त जास्तीची हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. गाडी उलट जास्तच झकास पळते, आणि तशीच पळता पळता पिस्टन जाम होतो. खरी भीती या दुसऱ्याची आहे.

तेव्हा आधी दोन्ही प्लग काढ. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोड आणि रात्रभर राहू दे. सकाळी टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरव. कुठे खरखर लागली किंवा अडलं तर जोर करू नकोस. क्रँकच्या बेअरिंगांवर गंज बसला असेल, तर एकच जोरदार किक त्यांचा निकाल लावते. मोकळं फिरलं तर इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचांनी बंद करून 6 पीएसआय हवा भर. सहा मिनिटांत दर मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरली, तर सीलं बदलायचीच. साबणाचं पाणी लावलंस की गळती नेमकी कुठे आहे ते बुडबुडे सांगतात. इंजिन उघडायचा कंटाळा करू नकोस.

ऑटोल्यूबचं, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल देणाऱ्या पंपाचं, काम नाजूक आहे. ऑइलच्या टाकीतलं जुनं ऑइल काढून टाक, नळ्या नव्या घाल. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून पंपाची चकती हाताने फिरवत राहा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. त्यानंतरही पेट्रोलच्या पहिल्या टाकीत लिटरला 20 मिली ऑइल वेगळं घाल. धूर होईल, होऊ दे. ऑइलच्या बारीक नळीत हवेचा एक फुगा अडकला तरी त्या सिलिंडरला तेवढा वेळ ऑइलच मिळत नाही.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने पाइप आणि ओ-रिंग त्याने फुगतात, शिवाय मिश्रण आणखी पातळ होतं. कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) एक नंबर मोठा लावून सुरुवात कर. एअर फिल्टर काढून दोन्ही कार्बच्या तोंडात एकेक बोट घाल आणि थ्रॉटल अगदी हलकेच ओढ. दोन्ही स्लाइड (थ्रॉटलने वर उचलल्या जाणाऱ्या झडपा) एकाच क्षणी बोटावरून उठल्या पाहिजेत. ही पारख गेजपेक्षा बोटांना आधी कळते.

प्लगची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचे दोन संच आहेत, दोन्ही वेगवेगळे लावायचे. गॅप 0.3 ते 0.4 मिमी. मग प्लगच्या भोकात डायल गेज लाव. पिस्टन सगळ्यात वरच्या टोकाच्या 2 मिमी आधी असताना पॉइंट उघडायला हवेत. त्याहून लवकर ठिणगी पडली तर पिस्टनला भोक पडायची वेळ येते. हे डोळ्यांच्या अंदाजाने करू नकोस.

तुझी एचटी (हाय टॉर्क) आहे की एलटी (लो टॉर्क), ते लिहिलं नाहीस. एचटी 30.5 हॉर्सपॉवरची, एलटी 27 ची. मूळच्या जपानी आरडी 350 ला 39 होते आणि पुढे डिस्क ब्रेक होता. 1983 साली आपल्याकडे आली ती पुढच्या ड्रमसह. म्हणून ब्रेकची लायनिंग नवी घातल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नकोस.

आणि सायलेन्सरमधला कार्बन नीट काढ. बाहेर निसटू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला परत आत ढकलणारी लाट त्या नळकांड्यातच तयार होते. हे तंत्र पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी पक्कं केलं. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसी इंजिनातून 25 हॉर्सपॉवर निघत होते. ती लाट इंजिनाच्या ठरावीक आरपीएमलाच (मिनिटाला फेऱ्यांनाच) जुळते, म्हणूनच कमी फेऱ्यांना निवांत वाटणारी गाडी एकदम उसळते. आपण ज्यावर जीव टाकायचो ते हेच रे!

पहिले 200 किलोमीटर अर्ध्याच्या वर थ्रॉटल नको. लांब उतारावर थ्रॉटल मिटून गाडी सोडू नकोस, मधूनमधून थोडा दे. मिटलेल्या थ्रॉटलवर इंजिन जोरात फिरतं, पण ऑइल कमी पोचतं. मग एखाद्या मोकळ्या सकाळी, इंजिन पूर्ण तापल्यावर, तिसऱ्यात पूर्ण उघड. त्या वेळी डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असू देत. आवाज आवळल्यासारखा वाटला, तर पिस्टन जाम होऊ लागलाय असं समज आणि विचार न करता क्लच दाब.

तुझाच,
जुना मित्र

ता. क. त्या धावेनंतर इंजिन बंद करून लगेच प्लग काढ आणि त्याच्या चिनी मातीचा खालचा भाग बघ. तपकिरी असेल तर उत्तम, पांढरा असेल तर जेट आणखी वाढव. रंग कळव.