खिंडी उलट दिशेने ओलांडाव्यात

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तू पाठवलेला नकाशा आणि त्यावर तांबड्या शाईने आखलेली वाट गेले तीन दिवस माझ्या टेबलावर पसरलेली आहे. सहा दिवस, तीन खिंडी आणि मधल्या दोन खोऱ्यांत पायवाटेचा मागमूसही नाही, अशी मोहीम आखायला चिकाटी लागते आणि तुझ्या प्रत्येक रेघेत ती दिसते. मुक्कामाच्या जागा पाण्यालगत आहेत, ओझ्याचा हिशोब नेटका आहे. त्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. एकच मोठा बदल सुचवतो. तू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाण्याचे ठरवले आहेस. आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे यावे, असे मला ठामपणे वाटते.

कारण आहे ती दुसरी खिंड. तिची दक्षिण बाजू मोकळी आणि कमी उताराची आहे, पण उत्तरेकडे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. आपला नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर होतो, आणि लगतच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचे अंतर आहे. मी पट्टी लावून पाहिले, तेव्हा तिथे रेषांमधले अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर भरले. याचा अर्थ सरासरी उतार सुमारे ३९ अंश. सुटे दगड जेमतेम टिकून राहतात असा हा उतार. शिवाय ही नुसती सरासरी झाली. १५ मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून राहू शकतो आणि नकाशा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रांत त्या उताराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात एक काळसर आडवा पट्टा आहे. निरनिराळ्या दोन महिन्यांतली, म्हणजे सूर्य वेगवेगळ्या जागी असतानाची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींत तो त्याच जागी आहे. ती नुसती सावली असेल, असे मानायला माझे मन तयार नाही.

अशाच एका पट्ट्यावर मी पूर्वी अडकलो होतो, ती हकिकत तुला सविस्तर कधी सांगितली नव्हती. उतरताना घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा सरकता उतार होता आणि प्रत्येक पावलासरशी पायाखालचा थर हातभर खाली सरकत होता. सुटलेले दगड खडखडत जात, मग एकाएकी आवाज बंद होई आणि एक दोन क्षणांनी खूप खालून आदळल्याचा आवाज येई. त्या मधल्या शांततेवरून आम्हांला कळले, की पुढे उतार संपून कडा सुरू होतो आहे. तोवर दिवस कलला होता. तो घसारा पुन्हा चढणे जमेना आणि रात्र आम्ही एका अरुंद कपारीत बसून काढली. चढताना वाटेत कातळ आडवा आला, तर तो समोर दिसतो, त्यातली घळ शोधता येते आणि नाही सापडली तर परतीची वाट पायाखालचीच असते. उतरताना यांतले काहीच हाती नसते. म्हणून अवघड बाजू चढावी आणि सोपी बाजू उतरावी, एवढाच माझा आग्रह आहे.

बर्फाचा विचार केला तरी हीच दिशा सोयीची ठरते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ उशिरापर्यंत टिकतो. निरभ्र रात्रीनंतर तो पहाटे घट्ट गोठलेला असतो आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे खिळे) व आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) घेऊन चढायला तीच वेळ चांगली. खालचा हिमनदीचा ओढाही पहाटे सर्वांत कमी भरलेला असतो. तुझ्या आखणीप्रमाणे आपण तिथे दुपारी चारच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे दिवसभर वितळलेले पाणी ऐन भरात असताना. उलट दिशेने आपण ओढ्याच्या अलीकडे मुक्काम करू आणि उजाडताच, सॅकचा कमरपट्टा सोडून, पायांत बूट ठेवूनच तो ओलांडू.

वेळेचा तुझा हिशोब मात्र मला अपुरा वाटतो. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम तू वापरला आहेस: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यानुसार ९ किलोमीटर आणि १,२०० मीटर चढाईचा दिवस पावणेचार तासांत संपायला हवा. परंतु पायवाट नसलेल्या जागी, मोठमोठ्या शिळांवरून, पाठीवर ओझे घेऊन आणि विरळ हवेत मी तो आकडा सरळ दुप्पट धरतो.

उलट दिशेला एक तोटा आहे आणि तो तुझ्यापासून लपवत नाही. उत्तरेचे खोरे झपाट्याने उंचावते. पहिल्या आणि दुसऱ्या मुक्कामात ८०० मीटरचा फरक पडतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा वैद्यकीय सल्ला मोडायची माझी तयारी नाही. मध्ये एक मुक्काम वाढवू, मोहीम सात दिवसांची होईल आणि एका दिवसाचा शिधा वाढेल. तो भार मी माझ्या सॅकमध्ये घेईन.

आणखी एक गोष्ट घरून निघण्यापूर्वीच ठरवू या. सकाळी ११ वाजेपर्यंत दुसऱ्या खिंडीच्या माथ्यावर पोहोचलो नाही, किंवा त्या काळ्या पट्ट्यातून दोराशिवाय जाणारी घळ सापडली नाही, तर वाद न घालता माघारी फिरायचे. माथा शंभर मीटरवर दिसत असताना हा निर्णय घेणे फार जड जाते, म्हणून तो आत्ताच कागदावर असावा. त्या कागदाची एक प्रत, मुक्काम आणि परतीच्या तारखेसह, दोघांच्याही घरी ठेवू.

सुधारलेला नकाशा सोबत जोडला आहे. माझ्या रेघा निळ्या शाईत आहेत. त्या काळ्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला मला एक फट दिसते आहे. ती तुलाही दिसते का, हे तेवढे कळव.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
माधव